चैत्रातील शेत, परसबाग आणि विहिरीचा हिशेब

वसंताला ऋतुराज म्हणण्याचा प्रघात आपल्या वाङ्मयात फार जुना आहे. आंब्याचा मोहर, पळसाची फुले आणि कोकिळेचा स्वर यांनी हा ऋतू सजलेला असतो. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशात मात्र, विहिरीवर विसंबून असलेल्या लहान शेतकऱ्याच्या घरी, हाच ऋतू वर्षाचा ताळेबंद मांडणारा ठरतो. सालगड्याचे साल पाडव्यापासून धरण्याची रीत येथे पडली, ती उगीच नव्हे. जुन्या पिकाचे खळे उठलेले असते आणि मृग अजून दोन-अडीच महिने दूर असतो. या मधल्या काळात घेतलेले निर्णय पुढील वर्षाचे भवितव्य ठरवितात.

राज्यातील शेतजमिनीचे सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ते १.३४ हेक्टरपर्यंत घटलेले दिसते. धारणा लहान झाली की चूक सोसण्याची ताकदही कमी होते. म्हणूनच या ऋतूतील कामांचा विचार करणे अगत्याचे आहे.

खळे उठल्यानंतर

फाल्गुन सरता सरता ज्वारी कणगीत पडते, हरभरा व गहू घरात येतो आणि कडब्याची गंज रचली जाते. गंजीत किती पेंढ्या आहेत आणि दावणीला जनावरे किती, हा पहिला हिशेब होय. रिकाम्या रानात थोडी ओल असतानाच नांगरट केल्यास ढेकळे तापतात, जमिनीतील किडींचे कोष उघडे पडतात व पक्षी ते वेचून खातात. घरात याच सुमारास कुरडया, पापड आणि सांडगे यांची लगबग सुरू होते. पावसाळ्यात भाजी दुर्मीळ होईल तेव्हाची ती तरतूद असते.

विहिरीचे अंदाजपत्रक

सर्वांत कठीण प्रश्न असतो तो उन्हाळी पिकाचा. विहिरीत पाणी दिसते, तेव्हा एखादा एकर भुईमूग करावा असा मोह होतो. येथे साधे गणित उपयोगी पडते. ६ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत १ मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. एक एकर रान ५ सेंटीमीटर भिजवावयाचे तर सुमारे २ लाख लिटर पाणी लागते. म्हणजेच एका पाळीला विहिरीतील ७ मीटर पाणी खर्ची पडते, आणि उन्हाळी पिकास अशा अनेक पाळ्या द्याव्या लागतात.

आता दुसरी बाजू पाहू. पाच माणसांना प्रत्येकी ५५ लिटर आणि तीन मोठ्या जनावरांना प्रत्येकी ५० लिटर धरले तर दिवसाला ४२५ लिटर पाणी लागेल. ७५ दिवसांची ही गरज सुमारे ३२ हजार लिटर होते. २० फळझाडांच्या रोपांना दर तिसऱ्या दिवशी १० लिटर पाणी दिले तर आणखी ५ हजार लिटर. माणसे, जनावरे आणि रोपे हा सारा संसार विहिरीच्या सव्वा ते दीड मीटर पाण्यात तरून जातो.

झऱ्यांचा पाझर मोजण्याची रीतही सोपी आहे. सायंकाळी उपसा थांबवून पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि सकाळी पाणी किती चढले ते पाहावे. वरील विहिरीत ते ३० सेंटीमीटर चढले, तर रात्रीतून सुमारे साडेआठ हजार लिटर पाणी आले असे समजावे. ही मोजणी दर आठवड्यास केली असता पाझर कोणत्या वेगाने आटत आहे हे ध्यानात येते, आणि पेरावे की थांबावे याचे उत्तर अंदाजावर सोडावे लागत नाही.

सांडपाण्यावरील परसबाग

रान मोकळे ठेवले तरी घरामागची बाग वाळू देण्याचे कारण नाही. सावली व आच्छादन दिलेल्या भाजीच्या वाफ्यास दर चौरस मीटरमागे दिवसाला सुमारे ५ लिटर पाणी पुरते. कुटुंबाच्या स्नानाचे व धुण्याभांड्यांचे १५० लिटर पाणी वळविता आले, तर ३० चौरस मीटरची, म्हणजे पाव गुंठ्याहून थोडी अधिक, बाग तगू शकते. साबणाचे पाणी केळी, अळू व शेवग्याच्या आळ्यात सोडावे. कच्च्या खाण्याच्या भाजीस ते देऊ नये. गव्हाचे काड किंवा पाचट यांचा जाड थर आळ्यात पसरल्यास ओल टिकते. रोपाशेजारी मातीचे मडके पुरून ते भरून ठेवण्याची जुनी पद्धतही तितकीच गुणकारी आहे.

या बागेची राखण बहुधा घरातील स्त्रीच करते. भेंडीच्या निवडक शेंगा आणि वेलावरील एखादा सुबक दुधी बियाण्यासाठी राखून ठेवण्याचे कामही तिचेच असते. शेतातील बियाण्यासही हीच दृष्टी लावली पाहिजे. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत; ७० किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरणीयोग्य समजावे. ही परीक्षा वैशाखात उरकली म्हणजे ऐन मृगात धावपळ होत नाही.

एकट्याची विहीर नव्हे

हा हिशेब एका घराने केला आणि शेजारच्याने रात्रंदिवस उपसा चालविला, तर त्याचा उपयोग काय, असा प्रश्न कोणीही विचारील. जमिनीखालचे पाणी बांध ओळखत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने याचे उत्तर दिले आहे. पाणलोटाची कामे झाल्यानंतर तेथील ग्रामसभेने पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्यास आरंभ केला. पिण्याचे पाणी आधी, मग जनावरे आणि उरल्यास पिके, असा क्रम तेथे लावला गेला. उसासारख्या पिकावर आणि शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर गावाने स्वतःहून बंधन घातले. या कार्याचे नेतृत्व करणाऱ्या श्री. पोपटराव पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

प्रत्येक गावाला हिवरे बाजार होणे एका वर्षात साधणार नाही. परंतु पाडव्याला गुढी उभारल्यावर दोरीला दगड बांधून आपल्या विहिरीचे पाणी मोजणे, तो आकडा भिंतीवर लिहिणे आणि तो पाहून मगच रानात पाऊल टाकणे, एवढे प्रत्येक कुटुंबास करता येण्याजोगे आहे.