वाहनाचा झोतदिवा : बल्ब आणि परावर्तक यांची बैठक

चांदणी चौकातून निघालेला रस्ता भूगाव, पिरंगुट, पौड ही गावे मागे टाकीत मुळशी धरणाच्या कडेने जातो आणि ताम्हिणी घाट उतरून माणगावला पोहोचतो. आपल्या शाळेत मुलांना भेटण्यास येणाऱ्या पालकांना, तसेच पिरंगुट-हिंजवडीच्या कारखान्यांतून रात्रपाळी संपवून परतणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना हा रस्ता परिचित आहे. रात्री या रस्त्यावर आपल्या वाहनाचे दिवे हेच आपले डोळे असतात. आणि समोरून येणाऱ्या वाहनाचे दिवे आपल्या डोळ्यांवर किती अन्याय करतात, याचाही अनुभव बहुतेकांना आहे. या अन्यायाचे खापर आपण सहसा समोरच्या चालकाच्या उद्दामपणावर फोडतो. पुष्कळदा मात्र कारण वेगळे असते. दिव्यातील बल्ब किंवा परावर्तक आपल्या जागी नीट बसलेला नसतो आणि त्या चालकाला त्याची कल्पनाही नसते. प्रस्तुत लेखात या बैठकीचा विचार करावयाचा आहे. दिवा किती तेजस्वी आहे यापेक्षा तो आपल्या जागी किती अचूक व घट्ट बसला आहे यावर त्याची उपयुक्तता ठरते, हे या अभ्यासाचे सूत्र आहे.

नाभीचे महत्त्व

अंतर्गोल आरशाच्या नाभीपाशी प्रकाशाचा स्रोत ठेवला असता परावर्तित किरण एकमेकांस जवळजवळ समांतर निघतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. गोलीय आरशात हे फक्त मध्यभागापुरते खरे असते. कडेवरून परावर्तित होणारे किरण थोडे भरकटतात. आरसा अन्वस्ताच्या आकाराचा केला म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतचे सर्व किरण समांतर होतात. अन्वस्ताचा हा गुण डायोक्लीझ या ग्रीक गणितज्ञाने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास सिद्ध केला होता. त्याच्यापुढे प्रश्न सूर्यकिरण एका बिंदूत आणून अग्नी पेटवण्याचा होता. वाहनाच्या झोतदिव्यात आपण तीच वाट उलट दिशेने चालतो : बिंदूतून निघालेला प्रकाश समांतर करून दूर पाठवतो.

आता एक साधे गणित करू. परावर्तकाचे नाभीय अंतर 25 मिलिमीटर धरू. बल्बमधील तापणारी तार, म्हणजे कुंतल, नाभीपासून फक्त 1 मिलिमीटर खाली सरकली आहे असे समजू. परावर्तकाच्या मध्यभागी पडणारा किरण जितका खालून येतो तितकाच वर परावर्तित होतो. म्हणजे 25 मिलिमीटरला 1 मिलिमीटर या प्रमाणात झोत वर उचलला जातो. हेच प्रमाण पुढे वाढवले तर 25 मीटर अंतरावर झोत सुमारे 1 मीटर वर गेलेला आढळेल. दिवा जमिनीपासून पाऊण मीटर उंचीवर आणि झोत मुळात सपाट असेल, तर सुमारे 19 मीटरवर तो दीड मीटर उंची गाठतो. आणि समोरच्या मोटारचालकाचे डोळे साधारणतः त्याच पातळीच्या आसपास असतात. तांदळाच्या दाण्याच्या जाडीपेक्षाही कमी अशी ही चूक आहे, परंतु तिचा परिणाम परक्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत जातो. ताशी 40 किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे 11 मीटर जाते. चालकाचे डोळे दोन सेकंद दिपले तर तो 22 मीटर रस्ता न पाहता चालतो. घाटाच्या वळणावर 22 मीटर म्हणजे काय, हे येथील वाचकांना सांगावयास नको.

तार खाली-वर न सरकता पुढे-मागे सरकली, तर झोताची दिशा बदलत नाही, पण तो फाकतो. प्रकाश तेवढाच राहतो. तो अधिक जागेवर पसरल्यामुळे दूरचा रस्ता अंधारात राहतो. अशा वेळी चालकाला वाटते की बल्ब कमी शक्तीचा आहे, आणि तो अधिक वॅटचा बल्ब आणतो. रोग एक आणि औषध दुसरे, असा हा प्रकार होय.

बल्बची बैठक

जुन्या दिव्यांत दोन पिनांचा बल्ब होल्डरमध्ये दाबून फिरवून बसवीत. त्याची पकड ढिली असे आणि तार नाभीशी येणे बरेचसे योगायोगावर अवलंबून असे. 1940 च्या सुमारास अमेरिकेत तार, परावर्तक व काच एकत्र जोडून कायमचे बंद केलेले 'सील्ड बीम' दिवे रूढ झाले. त्यामुळे बैठकीचा प्रश्न कारखान्यातच सुटला. परंतु तार तुटली की अख्खा दिवा बदलावा लागे. युरोपात दुसरा मार्ग विकसित झाला. 1962 मध्ये एच-1 आणि 1971 मध्ये दोन तारांचा एच-4 हा हॅलोजन बल्ब वापरात आला. या बल्बांच्या बुडाशी धातूची एक चकती असते. कारागीर तिला 'फ्लँज' म्हणतात. फ्लँजपासून तार नेमकी किती अंतरावर असावी हे कारखान्यात काटेकोरपणे निश्चित केलेले असते. म्हणून बल्ब बसवणाऱ्याचे काम एकच उरते : ही चकती परावर्तकाच्या बैठकीवर सर्व बाजूंनी सपाट टेकली पाहिजे. मध्ये गंजाचा पापुद्रा, वायरचा तुकडा किंवा रबराची कड आली, की कारखान्यातील अचूकपणा वाया गेला.

एच-4 च्या फ्लँजला तीन कान असतात. त्यांपैकी एक इतरांपेक्षा रुंद असल्यामुळे बल्ब एकाच स्थितीत बसतो. याचे कारण बल्बच्या आत पाहिल्यास कळते. डिपरची तार नाभीच्या थोडी पुढे असून तिच्या खाली धातूची लहानशी वाटी असते. वाटीमुळे प्रकाश परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तेथून खाली, रस्त्याकडे वळतो. हाच बल्ब उलटा बसवला तर प्रकाश खालच्या अर्ध्या भागावरून वर, समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. म्हणून कान अडतो आहे असे दिसल्यास त्याला कानस लावून बल्ब जबरदस्तीने बसवणे हा मोठा अपराध समजावा. कान अडतो याचा अर्थ एवढाच की बल्ब चुकीचा आहे किंवा हात चुकीच्या दिशेने चालला आहे.

टपावर किंवा बंपरवर लावण्याच्या स्पॉटलाइटमध्ये पुष्कळदा एच-3 जातीचा, एका तारेचा 55 वॅटचा बल्ब असतो. त्याची तार आडवी असते, त्यामुळे चकतीवरील खाच आणि बैठकीवरील उंचवटा जुळवूनच तो बसवावा लागतो. बल्ब जागी ठेवल्यावर तारेची स्प्रिंग-क्लिप त्यावर आणून आकड्यात अडकवावी. क्लिपने चकतीला दोन्ही बाजूंनी सारखे दाबले पाहिजे. ताण गेलेली क्लिप पकडीने वाकवून वेळ मारून नेण्यापेक्षा बदललेली बरी. हॅलोजन बल्बच्या काचेला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये. बोटांचा तेलकटपणा तापलेल्या काचेवर डाग धरतो आणि त्या जागी काच कमजोर होते. शेवटी मागचे रबरी टोपण नीट बसवावे. त्याच्या फटीतून पाणी व धूळ आत शिरली की परावर्तकावरील अॅल्युमिनियमचा पातळ थर काळवंडू लागतो. असा परावर्तक घासूनपुसून उजळत नाही. घासल्याने थरच निघून जातो.

परावर्तकाची बैठक

बल्ब परावर्तकात घट्ट बसला, पण परावर्तकच डगमगत असेल तर सर्व व्यर्थ. येथे भूमितीचे एक तत्त्व उपयोगी पडते : तीन बिंदूंनी एक प्रतल निश्चित होते. चुलीचे तीन दगड ओबडधोबड असले तरी भांडे डुगडुगत नाही; चार पायांची खुर्ची मात्र उंचसखल जमिनीवर हटकून डुगडुगते. याच कारणाने परावर्तक बहुधा तीन ठिकाणी धरलेला असतो. एक टेकू स्थिर असतो. दुसरा स्क्रू झोत वर-खाली करतो आणि तिसरा डावी-उजवीकडे. जुन्या जीप व मोटारींच्या सात इंची गोल दिव्यात हेच काम दोन स्क्रू व एक स्प्रिंग करीत, आणि पुढून एक कडे संपूर्ण संचाला धरून ठेवी.

या तीन टेकूंपैकी एखादा प्लॅस्टिकचा कान तुटला तर कारागीर कधीकधी तेथे गोंद किंवा लुकण भरून देतो. दिवा त्या दिवशी सरळ दिसतो. परंतु लुकण नेमक्या जागी बसलेले नसते, आणि पुढे स्क्रू फिरवला तरी परावर्तक हलत नाही. झोत मग कायमचा वाकडा राहतो. तुटलेल्या कानासाठी मिळत असेल तर मूळ सुटा भागच बसवावा.

बाहेरचा दिवा आणि कंपने

वेगळा लावलेला स्पॉटलाइट पुष्कळदा एकाच बोल्टवर उभा असतो. खडबडीत रस्त्यावर इंजिन व चाकांची कंपने त्या बोल्टला सतत सैल करू पाहतात. म्हणून नटाखाली स्प्रिंग वॉशर किंवा नायलॉनची कडी असलेला नट वापरावा, ब्रॅकेट शक्य तितका आखूड व जाड असावा आणि तो पातळ पत्र्यावर न लावता वाहनाच्या मजबूत भागावर लावावा. लांब, बारीक ब्रॅकेटवरचा दिवा काठीच्या टोकावरील ओझ्यासारखा हिंदकळतो. त्याचा झोत रस्त्यावर थरथरतो, तारही लवकर तुटते.

वीजजोडणीचाही येथे संबंध आहे. 12 व्होल्टवर 60 वॅटचा बल्ब 5 अँपिअर प्रवाह घेतो, तर 100 वॅटचा सुमारे 8.3 अँपिअर. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे येथे ती पावणेतीनपट होते. मूळ वायर, होल्डर आणि प्लॅस्टिकची बैठक एवढ्या उष्णतेसाठी केलेली नसते. बैठक वितळून वाकली की बल्ब नाभीवरून ढळतो. अधिक उजेडाच्या हव्यासाने आहे तो उजेडही बिघडतो. हॅलोजनच्या जागी एलईडी खुपसण्याच्या आजच्या प्रथेलाही हाच निकष लावावा. एलईडीचे चकाकणारे ठिपके मूळ तारेच्या जागी व त्याच आकारात नसतील, तर परावर्तक त्यांना वळण लावू शकत नाही.

कायदा आणि मोजमाप

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतील नियम 106 मध्ये हाच विचार आकड्यांत मांडलेला आहे. दिव्यापासून 8 मीटर पुढे, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिपवणार नाही इतका झोत खाली वळवलेला असावा, असे तो नियम सांगतो. नियम 111 त्याहून स्पष्ट आहे : वाहनाच्या पुढील बाजूस स्पॉटलाइट वा सर्चलाइट लावता येत नाही, अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वसंमती घेऊनच तो लावता येतो. तेव्हा स्पॉटलाइट नीट बसवण्यापूर्वी तो बसवण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हा प्रश्न प्रथम विचारावा.

ज्या पौड रस्त्याने आपण पुण्याला जातो, त्याच्याजवळ कोथरूडच्या वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही 1966 मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. वाहने व त्यांचे सुटे भाग यांची प्रमाणनासाठी तपासणी तेथे होते. हेडलाइटचा झोत तपासण्याच्या रूढ पद्धतीत 25 मीटर अंतरावरील पडद्याचे प्रमाण धरतात. मघाच्या गणितात तेच अंतर घेतले होते. प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेला दिवा नंतर कसा बसवला जातो, याची जबाबदारी मात्र आपली व आपल्या कारागिराची.

धुक्याचा प्रसंग

पावसाळ्यात ताम्हिणीत धुके उतरले की पुष्कळांना जोरदार झोताची आठवण होते. धुके म्हणजे पाण्याचे असंख्य सूक्ष्म थेंब. ते प्रकाश सर्व दिशांना विखुरतात, त्यातील काही आपल्याकडेच परत येतो. उंचावरचा जोरदार झोत म्हणूनच समोर पांढरी भिंत उभी करतो. धुक्यासाठी दिवा खाली, जमिनीजवळ, रुंद व वरून छाटलेल्या झोताचा हवा. डिपरवर सावकाश चालणे हा तेथील उत्तम उपाय होय.

घरी करावयाची परीक्षा

सपाट जागी, भिंतीपासून 10 मीटरवर वाहन उभे करावे. टायरमधील हवा योग्य असावी आणि चालक आसनावर बसलेला असावा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी. डिपर लावल्यावर उजेडाची वरची सीमा त्या रेषेच्या सुमारे 10 सेंटीमीटर खाली दिसली पाहिजे. मग दिव्याच्या कडेवर तळहाताने हलकेच थोपटावे. भिंतीवरील सीमा थरथरून पुन्हा त्याच जागी आली तर बैठक ठीक आहे. दुसरीकडे जाऊन थांबली तर काहीतरी सैल आहे. मागे माणसे वा पोती भरली की वाहनाचे नाक वर उचलले जाते, म्हणून भरल्या गाडीनेही ही परीक्षा एकदा करावी. शाळेतील नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना मोजपट्टी, खडू आणि पालकांचे वाहन एवढ्या सामग्रीवर हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येईल.

या परीक्षेला दहा मिनिटे लागतात आणि खर्च काहीच नाही. तिचा लाभ मात्र वाहनमालकापेक्षा अधिक त्या अनोळखी प्रवाशाला होतो, जो वळणापलीकडून येत असतो आणि ज्याच्या मागे एखादे मूल पेंगत बसलेले असते. आपला दिवा आपल्याला वाट दाखवतो की नाही, हे आपण आपल्या आसनावरून पाहू शकतो. तो दुसऱ्याची वाट हिरावून घेत नाही ना, हे पाहण्यासाठी खाली उतरून भिंतीसमोर उभे राहावे लागते. तेवढे कष्ट प्रत्येक वाहनधारकाने पावसाळ्यापूर्वी एकदा तरी घ्यावेत.