आधी भोक कसलं ते बघा

ओतकामात माझी पंधरा वर्षं गेली. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कास्टिंगला ब्लोहोल निघाला की आमचं निदान तयार असायचं, धातू थंड ओतला! हीच खोड मी लेझरच्या मेटल प्रिंटिंगमध्ये घेऊन आलो आणि ॲल्युमिनियमचे अकरा भाग भंगारात घातले.

या मशिनमध्ये पावडरीचा तीसेक मायक्रॉनचा थर पसरतो, लेझर हवा तेवढाच भाग वितळवतो, मग वर पुढचा थर. माझ्या भागांत ओ-रिंगची खाच मशिनिंग केल्यावर सुई टोचल्यासारखी भोकं दिसली. मी लेझरची पॉवर वाढवली, वेग उतरवला. पुढचा लॉट आणखी वाईट निघाला.

उष्णता फाजील झाली की धातूची वाफ होते आणि तिच्या दाबाने वितळलेल्या धातूत खोल, अरुंद खड्डा पडतो. त्याला कीहोल म्हणतात. तो डळमळला की तळाचा भाग तुटून वायूसकट आत कोंडला जातो. कडेला वळताना लेझरचा वेग कमी झाला तर तिथे ही भोकं हमखास, आणि मशिनिंगमध्ये उघडी पडतात तीही तीच. उघडं भोक नंतर दाबभट्टीत घालूनही बुजत नाही.

मग पहिल्या लॉटचा काप पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. हे आधी करायला हवं होतं. भोकं बारीक, गोल, सगळीकडे विखुरलेली. उष्णता कमी पडली असती तर ती वेडीवाकडी, थरांच्या मध्ये चपटी, आत न वितळलेली पावडर अडकलेली अशी दिसली असती. माझा दोष ओलाव्याचा होता. पावडरीतल्या ओलाव्यातून हायड्रोजन सुटतो, आणि वितळलेलं ॲल्युमिनियम घन ॲल्युमिनियमच्या जवळपास वीसपट हायड्रोजन सामावतं. गोठताना तो बाहेर पडतो आणि बुडबुडे आतच राहतात.

सोलापूरची हवा कोरडी म्हणून मी पावडरीचा डबा निर्धास्त उघडा ठेवायचो. पण आपल्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो, आणि लॉट नेमका तेव्हाचा. पावडर निर्वात ओव्हनमध्ये वाळवली, सेटिंग मूळ जागी आणलं, तेव्हा खाच स्वच्छ निघाली.

तेव्हा पॉवरच्या बटणाला हात लावण्याआधी एक भाग कापा. आणि निदान सप्टेंबरात तरी डब्याचं झाकण लावा.