चाळ कधी फोडायची? या प्रश्नातलं करिअर

मुलीने घरी सांगितलं, ‘मला ऑपरेशन्स मॅनेजमेंटमध्ये संशोधन करायचंय,’ की आईवडिलांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. हे नेमकं असतं काय? आणि त्यावर पोट भरतं का? पहिल्याचं उत्तर शोधायला नाशिककरांना लांब जावं लागत नाही. ते निफाड तालुक्यात आहे.

उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो. सगळ्यांनी तो तेव्हाच लासलगावच्या बाजारात नेला तर भाव कोसळतो, म्हणून शेतकरी तो कांदाचाळीत भरतो आणि लाल कांदा बाजारात येईपर्यंत थोडा थोडा काढतो. चाळीत वजन घटतं, काही माल सडतो, पावसाळी हवेत कोंब येतात. थांबलं तर माल कमी होतो, न थांबलं तर भाव हातचा जातो. मग चाळ कधी फोडायची आणि एका वेळी किती ट्रॉल्या काढायच्या?

हा साठ्याच्या व्यवस्थापनाचा अस्सल प्रश्न आहे. फोर्ड हॅरिस या अमेरिकी इंजिनिअरने १९१३ साली एका वेळी किती माल मागवावा याचं सूत्र मांडलं. ते आजही पहिल्या सत्रात शिकवतात. त्यात मागणी एकसारखी राहते आणि माल खराब होत नाही, असं गृहीत धरलेलं आहे. नाशवंत मालाची गणितं पुढे पुष्कळांनी मांडली, पण आपल्याकडे त्यांनाही न पेलणारं काही असतं. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली आणि ४ मे २०२४ रोजी ती बंदी उठवली. चाळीत माल असलेल्या माणसाने हा धोका हिशेबात कसा धरायचा? शिवाय सोसायटीचा हप्ता, मुलाची फी, खरिपाचं बियाणं. गणित ‘अजून तीन आठवडे थांबा’ म्हणत असलं तरी ज्याला उद्या पैसे हवेत तो आजच ट्रॅक्टर जोडतो. तो चुकत नाही; त्याची निकड धरत नाही ते गणित अपुरं आहे. विकसनशील देशांतल्या ऑपरेशन्स संशोधनाचा गाभा मला इथेच दिसतो: तुटपुंजं भांडवल, बेभरवशाची वीज, अचानक बदलणारे नियम आणि लहान लहान उत्पादक. यांना बाजूला ठेवून केलेला अभ्यास इथे कुणाच्या कामाचा नाही.

द्राक्षाचा प्रश्न वेगळा आहे, तिथे वेळ तासांत मोजावी लागते. तोडणीची टोळी, पॅकहाऊस, प्री-कूलिंग आणि रिफर कंटेनर यांचा मेळ बसला नाही तर माल बागेतच अडतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हा कोणता घड कोणत्या बागेतला हे दाखवता येणं किती मोलाचं असतं ते सगळ्यांना कळलं. मोहाडीची सह्याद्री फार्म्स आज हजारो शेतकऱ्यांचा माल एका साखळीत कसा बांधते, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. सिंहस्थात रामकुंडाकडे जाणारी गर्दी कशी वळवायची, हासुद्धा.

अशा अभ्यासाने काही बदलतं का, या शंकेला तारापूरचं उत्तर आहे. तारापूर आणि गुजरातेतल्या उंबरगाव भागातल्या कापड गिरण्यांत अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. काही गिरण्यांना फुकट सल्लागार दिले: सुताच्या साठ्याची नोंद, दोषांची नोंद, यंत्रांची वेळेवर देखभाल. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. काही वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटलेल्या होत्या. मॅनेजर बदलणं हे त्याचं एक कारण. मला हा दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो. चांगली पद्धत टिकत का नाही, यावर नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या लहान कारखान्यांत बसून कुणीतरी काम करायला हवं, आणि ते इथलीच मुलं उत्तम करतील. सुपरवायझर मनातलं मराठीत बोलतो. इंग्रजी प्रश्नावलीवर तो फक्त खुणा करतो.

आता वाट. प्रॉडक्शन किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंग, संख्याशास्त्र, गणित, अर्थशास्त्र यांतून इथे येता येतं. संभाव्यता आणि संख्याशास्त्र पक्कं हवं, प्रोग्रामिंग यायला हवं. गणिताचा मनापासून कंटाळा असेल तर हे क्षेत्र निवडू नये. पवईत दोन मोठ्या संस्था आहेत: आयआयटी मुंबईचा इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्च विभाग आणि १९६३ साली सुरू झालेली नीटी, जी २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्येही क्वालिटी, रिलायबिलिटी अँड ऑपरेशन्स रिसर्चचं एम.टेक. आहे. प्रवेशाचे नियम दरवर्षी त्या त्या संस्थेच्या माहितीपत्रकातच वाचा, क्लासवाल्याच्या पत्रकात नव्हे.

पालकांची खरी धास्ती पैशांची असते आणि ती रास्त आहे. पीएच.डी.ला चार-पाच वर्षं सहज जातात. पण चांगल्या संस्थेत या काळात विद्यावेतन मिळतं. नेट-जेआरएफचं २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, पुढे सिनियर झाल्यावर ४२,००० आणि घरभाडे भत्ता वेगळा. लाखो रुपये फी भरून पीएच.डी. देणाऱ्या जागेपासून मात्र लांब राहा. नंतर व्यवस्थापन संस्थांत प्राध्यापकी आहे, कंपन्यांच्या पुरवठा-साखळी आणि विश्लेषण विभागांत जागा आहेत, आणि एम.टेक.वर थांबलं तरी त्या विभागांची दारं उघडी असतात.

घरावर कर्ज असेल तर पदवीनंतर दोन वर्षं एखाद्या कारखान्यात प्लॅनिंग किंवा स्टोअरमध्ये नोकरी करून मग अर्ज केला तरी चालतो. मुलाखतीत त्या दोन वर्षांबद्दल आवर्जून विचारतात, कारण साठ्याचा ताळेबंद आणि प्रत्यक्ष रॅकवरचा माल का जुळत नाही, हे अर्ज करणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.