पडद्याआडचे अशील

मुंबईच्या मलबार हिलवरील एका घरात तीन विधवा पडद्यात राहत असतात. आपल्या वाट्याचे धन धर्मादाय देण्यास तिघींची संमती आहे, असा कागद एके दिवशी वकिलांच्या कचेरीत येतो. परंतु एकीने सहीच्या जागी नुसती फुली काढलेली असते! जिला वाचताच येत नाही, तिने संमती दिली ती कशाला? परवीन मिस्त्री या तरुण वकील स्त्रीला हा प्रश्न अस्वस्थ करतो. ती स्वतः त्या घरी जाते. परपुरुषासमोर न येणाऱ्या त्या स्त्रिया तिच्यापाशी मन मोकळे करतात. पुढे त्या घरात खून होतो आणि रहस्य अधिकच गहिरे बनते.

सुजाता मॅसी यांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कादंबरीतील हे कथानक १९२१ सालचे आहे. परवीन कल्पित असली, तरी कॉर्नेलिया सोराबजी व मिठन लाम या खऱ्याखुऱ्या वकील स्त्रियांच्या चरित्रांवरून ती लेखिकेला सुचली.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १८६६ साली नाशिक येथे झाला. त्यांचे काही बालपण कोल्हापूरच्या शेजारील बेळगावात गेले. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून त्यांनी उज्ज्वल यश संपादन केले. तथापि विलायतेची शिष्यवृत्ती त्यांना केवळ स्त्री म्हणून नाकारण्यात आली. इंग्लंडमधील हितचिंतकांनी निधी जमविला आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये तेथील कायद्याची परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. पदवी मात्र हाती पडली १९२२ साली, तब्बल तीस वर्षांनी!

स्वदेशी परतल्यावरही न्यायालयाचे दार बंदच होते. म्हणून त्या बंद घरांच्या दारी गेल्या. १९०४ पासून बंगाल सरकारच्या सेवेत राहून त्यांनी सुमारे वीस वर्षांत सहाशेहून अधिक पडदानशीन स्त्रियांना व पोरक्या मुलांना साहाय्य केले. अखेर १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीची मुभा मिळाली. त्या कलकत्त्यास वकिली करू लागल्या, तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होत्या.

मुलांनो, रहस्यकथेत अपराधी कोण, हे शोधण्यात मौज असते. पण त्या आधीचा प्रश्न अधिक मोलाचा आहे: जिच्या नावाने कागद झाला, तिला कोणी विचारले काय? जिचे म्हणणे कोणी ऐकलेच नाही, तिला न्याय कसा मिळावा?

स्वाध्याय
१. फुली पाहून परवीनला संशय का आला?
२. पडद्यातील स्त्रियांना स्त्री वकिलाची गरज का होती?