बाह्य जननेंद्रियाची जुनी खाज : संकोचापायी दुर्लक्ष नको

बाह्य जननेंद्रियाच्या त्वचेवर पांढरट, पातळ, सुरकुतलेले चट्टे, रात्री बळावणारी खाज, लघवीच्या वा शरीरसंबंधाच्या वेळी होणारी आग ही ‘लायकेन स्क्लेरोसस’ या दीर्घकालीन दाहाची लक्षणे असू शकतात. हा विकार बहुधा रजोनिवृत्तीनंतर, क्वचित लहान मुलींनाही होतो. तो संसर्गजन्य नाही. अस्वच्छतेमुळेही होत नाही.

उपचाराविना राहिलेल्या अशा त्वचेत पुढे कर्करोग उद्भवू शकतो. हे शंभरांत पाचांहून कमी स्त्रियांत घडते, आणि तेही बव्हंशी टाळता येते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात ५०७ स्त्रिया होत्या. सांगितल्याप्रमाणे मलम लावणाऱ्या ३५७ जणींपैकी एकीलाही कर्करोग झाला नाही. उपचारात खंड पाडणाऱ्या १५० पैकी ७ जणींमध्ये कर्करोग किंवा कर्करोगपूर्व बदल आढळले. म्हणून खाज थांबली तरी डॉक्टरांना विचारल्याखेरीज मलम बंद करू नये. ‘स्टेरॉईड’ या शब्दाला भिऊ नये. मात्र दुकानातून परस्पर आणलेले गजकर्णाचे मलम हा त्याचा पर्याय नव्हे.

तीस वर्षांवरील स्त्रियांची शासकीय कर्करोग तपासणी तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची असते. बाहेरील त्वचेची तक्रार आपण स्वतःच सांगावी लागते. आशाताईंपाशी बोलले तरी चालेल. निदान झालेल्यांनी वर्षातून किमान एकदा तपासणी करून घ्यावी. न भरणारी जखम, गाठ, जाड खरखरीत चट्टा किंवा रक्तस्राव आढळल्यास पुढील तारखेची वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञ वा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. आवश्यक वाटल्यास ते जागा बधिर करून त्वचेचा लहानसा तुकडा तपासणीसाठी घेतील.