साध्या मोबाइलपासून स्मार्टफोनपर्यंत : एका निवडीचे अर्थशास्त्र

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील तत्कालीन केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले. देशातील भ्रमणध्वनी सेवेचा प्रारंभ या संभाषणापासून मानला जातो. त्या काळात येणाऱ्या कॉलसाठीही ग्राहकाला पैसे मोजावे लागत. २००३ मध्ये कॉल करणाऱ्यानेच शुल्क द्यावे ही पद्धत लागू झाली आणि येणारे कॉल निःशुल्क झाले. त्याच वर्षी बाजारात आलेल्या, टॉर्च असलेल्या नोकिया ११०० सारख्या दणकट व स्वस्त संचांमुळे मोबाइल शेतमजूर, भाजीविक्रेते आणि रिक्षाचालक यांच्या हातात पोहोचला.

अशा साध्या संचावर अनेक वर्षे काम भागविणाऱ्या असंख्य कुटुंबांपुढे आज पहिला स्मार्टफोन घेण्याचा प्रश्न उभा आहे. वरवर पाहता ही एक किरकोळ खरेदी वाटते. परंतु निवृत्तिवेतन, बँक व्यवहार, शिक्षण आणि शासकीय योजना यांचे मार्ग जसजसे मोबाइलच्या पडद्यावरून जाऊ लागले आहेत, तसतशी ही खरेदी कुटुंबाच्या आर्थिक सहभागाशी जोडली गेली आहे. स्मार्टफोनची खरी किंमत दुकानातील किमतीपेक्षा बरीच अधिक असते आणि ती पूर्ण किंमत लक्षात घेतल्याखेरीज कुटुंबाचा निर्णय योग्य ठरत नाही व शासनाचे धोरणही सर्वसमावेशक होत नाही, हे या लेखातील मुख्य प्रतिपादन आहे.

साध्या मोबाइलचे योगदान

नव्या साधनाचा लाभ मोजण्यापूर्वी जुन्या साधनाने काय साधले हे पाहणे आवश्यक आहे. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर केरळच्या किनाऱ्यावरील मासेमारांचा केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९७ ते २००१ या काळात तेथे मोबाइल सेवा टप्प्याटप्प्याने पोहोचली. त्यापूर्वी एका बंदरावर सार्डिन मासळीला ग्राहक नसल्याने ती फेकून द्यावी लागे, तर काही किलोमीटरवरील दुसऱ्या बंदरावर तिचा तुटवडा असे. समुद्रातूनच भावाची चौकशी करता येऊ लागल्यावर निरनिराळ्या बाजारांतील भावांतील तफावत घटली आणि मासळीची नासाडी जवळजवळ थांबली. मासेमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, तर ग्राहकांना द्यावी लागणारी किंमत ४ टक्क्यांनी कमी झाली. हे सारे केवळ आवाज वाहून नेणाऱ्या साध्या संचामुळे घडले.

जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेली किसान कॉल सेंटरची सेवा आजही साध्या फोनवरून मिळते. केनियात २००७ पासून एम-पेसा ही पैसे पाठविण्याची व्यवस्था साध्या मोबाइलवरच उभी राहिली. तेव्हा स्मार्टफोनमुळे मिळणारा एकूण लाभ आणि साध्या फोनच्या तुलनेत मिळणारा वाढीव लाभ यांत फरक केला पाहिजे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, निर्णय सीमांत लाभ आणि सीमांत खर्च यांच्या तुलनेवर आधारलेला असावा.

वाढीव लाभ कोठे आहे?

काही कामे अशी आहेत की जी साध्या फोनवर होऊच शकत नाहीत. निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठी नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सुविधा सुरू झाली. प्रारंभी बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची बुबुळे टिपणारे वेगळे उपकरण लागत असे. नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्याच्या ओळखीद्वारे हा दाखला स्मार्टफोनवरून घरबसल्या देण्याची सोय झाली. वार्धक्यामुळे बोटांचे ठसे पुसट झालेल्या व बँकेपर्यंत जाणे कठीण असलेल्या व्यक्तीसाठी या सुविधेचे मोल मोठे आहे.

२०१६ मध्ये आलेली एकीकृत देयक प्रणाली, म्हणजेच यूपीआय, हे दुसरे उदाहरण होय. येथे जाळ्याचा परिणाम दिसून येतो. एखादी सेवा जितके अधिक लोक वापरतात तितकी ती प्रत्येकाला अधिक उपयुक्त ठरते. गल्लीतील किराणा दुकानदार, दूधवाला आणि बसवाहक ही पद्धत स्वीकारू लागले की तिच्याबाहेर राहण्याचा खर्च वाढतो. म्हणजेच एखाद्या कुटुंबाची स्वतःची गरज न बदलताही इतरांच्या निर्णयामुळे स्मार्टफोनची गरज निर्माण होऊ शकते.

या साधनाच्या अभावाचा अर्थ काय, हे २०२१ मधील कोविड लसीकरणाच्या वेळी स्पष्ट झाले. १८ ते ४४ वयोगटासाठी प्रारंभी कोविन संकेतस्थळावरील पूर्वनोंदणी बंधनकारक होती. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल दरीचा मुद्दा उपस्थित केला. पुढे लसीकरण केंद्रावरच नोंदणी करण्याची मुभा व्यापक करण्यात आली.

खरी किंमत कशी मोजावी?

स्मार्टफोन ही एकट्याने उपयोगी पडणारी वस्तू नाही. डेटा, वीज, संरक्षक आवरण आणि दुरुस्ती या तिच्या पूरक वस्तू व सेवा आहेत. २०१४ मध्ये एका जीबी डेटासाठी सरासरी सुमारे २६९ रुपये पडत. पुढील दहा वर्षांत हा दर १० रुपयांच्या आत आला. दर इतका घसरल्यामुळे डेटा फुकटच आहे असा समज होतो, परंतु रिचार्जचा नियमित खर्च मात्र कुटुंबाला करावाच लागतो. शिवाय २८ दिवसांचा रिचार्ज वर्षातून १२ नव्हे, तर १३ वेळा करावा लागतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, ८,००० रुपयांचा स्मार्टफोन ३ वर्षे चालतो. आवरण व काच ४०० रुपये, बॅटरी व दुरुस्ती १,२०० रुपये आणि २५० रुपयांचे वर्षाला १३ याप्रमाणे ३९ रिचार्ज, म्हणजे ९,७५० रुपये. एकूण खर्च १९,३५० रुपये, अर्थात दरमहा सुमारे ५३८ रुपये होतो. साध्या फोनला दर २८ दिवसांनी १५० रुपये लागत असतील, तर ३ वर्षांचा खर्च ५,८५० रुपये होतो. दोहोंतील फरक १३,५०० रुपये, म्हणजे दरमहा ३७५ रुपये एवढा आहे. हाच या निर्णयाचा वाढीव खर्च.

आता लाभाची बाजू पाहू. तालुक्याच्या गावी एक खेप मारण्यास ८० रुपये भाडे आणि अर्ध्या दिवसाची २०० रुपये मजुरी, असे २८० रुपये जात असल्याचे मानू. बुडालेली मजुरी हा संधी परिव्यय होय. तो खिशातून जाताना दिसत नाही, तरीही खराच असतो. स्मार्टफोनमुळे महिन्याला दोन खेपा वाचल्या तर ५६० रुपयांची बचत होते आणि खरेदी फायद्याची ठरते. एकच खेप वाचली तर बचत २८० रुपये, म्हणजे वाढीव खर्चापेक्षा कमी राहते. तीन महिन्यांत सुमारे चार खेपा वाचणे हा या उदाहरणातील समतोल बिंदू आहे. मुलांचे शिक्षण, दूरच्या नातलगांशी होणारी दृश्य भेट यांचे मोल यात धरलेले नाही. ते प्रत्येक कुटुंबाने आपल्यापुरते ठरवायचे आहे.

याच कुटुंबाने ६,००० रुपयांचा संच घेतला आणि अपुऱ्या क्षमतेमुळे तो २ वर्षांतच निरुपयोगी झाला, तर? आवरण ४००, दुरुस्ती ८०० आणि रिचार्ज ६,५०० रुपये धरून एकूण १३,७०० रुपये, म्हणजे दरमहा सुमारे ५७१ रुपये पडतात. दुकानात स्वस्त असलेला संच वापरात महाग पडला. टिकाऊ वस्तूची तुलना खरेदीच्या किमतीवरून न करता तिच्या आयुष्यभराच्या खर्चावरून करावी, हा नियम येथे लागू होतो.

निवडीचे निकष

पहिला संच निवडताना पुढील बाबी महत्त्वाच्या ठरतात :

(१) नेटवर्क : राहत्या गावात व कामाच्या ठिकाणी कोणत्या कंपनीचे सिग्नल मिळतात, हे आधी पाहावे. केवळ ४जी व ५जी चालविणाऱ्या जाळ्यावर साधे बोलणेही डेटाच्या मार्गाने होते. त्यासाठी संचात ती सोय असणे आवश्यक असते.

(२) साठवण व स्मृती : छायाचित्रे आणि चित्रफिती साठत गेल्या की अपुऱ्या क्षमतेचा संच मंदावतो. संचाचे आयुष्य बहुधा येथेच संपते.

(३) सुरक्षा अद्यतने : निर्माता किती वर्षे अद्यतने देणार, हे विचारून घ्यावे. बँक व्यवहारासाठी हा निकष कॅमेऱ्याच्या दर्जापेक्षा महत्त्वाचा आहे.

(४) भाषा : भारतीय भाषांच्या वापरासाठी भारतीय मानक ब्युरोने मोबाइल संचांकरिता आय.एस. १६३३३ (भाग ३) हे मानक निश्चित केले आहे. आपल्या भाषेत वाचता येणे व लिहिता येणे हे दोन्ही दुकानातच तपासावे.

(५) दुरुस्ती : जवळच्या बाजारपेठेत पडदा व बॅटरी बदलून मिळते का, हे पाहावे.

वापरलेला संच घेण्याचा पर्यायही अनेक जण स्वीकारतात. १९७० मध्ये जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे जे विश्लेषण केले, ते येथे तंतोतंत लागू पडते. वस्तूतील दोष विक्रेत्याला ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. या माहितीच्या विषमतेमुळे ग्राहक कमीच किंमत देऊ करतो आणि चांगल्या वस्तू बाजारातून बाहेर पडतात. पावती आणि हमी ही विषमता कमी करणारी साधने होत. प्रत्येक संचाला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो व तो *#०६# दाबून पाहता येतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'संचार साथी' या शासकीय सुविधेद्वारे त्या क्रमांकाची पडताळणी करता येते आणि चोरीचा संच गळ्यात पडण्याचा धोका टळतो.

घरातील वाटप आणि बदलाचा खर्च

कुटुंबात स्मार्टफोन आला म्हणजे तो सर्वांना मिळाला असे होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३३.३ टक्के, तर पुरुषांचे ५७.१ टक्के होते. ग्रामीण स्त्रियांमध्ये ते २४.६ टक्केच होते. घरातील एकमेव संच कमावता पुरुष सकाळी कामावर घेऊन गेला, तर स्वयंसहायता गटाचे व्यवहार पाहणारी पत्नी किंवा शिकणारी मुलगी दिवसभर त्याविना राहते. म्हणून कुटुंबांची आकडेवारी व्यक्तींच्या उपलब्धतेचे पूर्ण चित्र देत नाही.

बदलाचाही एक खर्च असतो. बटणांची सवय असलेल्या हाताला पडद्यावरील स्पर्श शिकावा लागतो. शिकण्याच्या या काळातच फसवणुकीचा धोका सर्वाधिक असतो. ओटीपी किंवा पिन कोणालाही न सांगणे, पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही हे ध्यानात ठेवणे आणि फसवणूक होताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळविणे, एवढे ज्ञान संचासोबतच घरात आले पाहिजे.

धोरणाची दिशा

या प्रश्नावर धोरणाचे तीन मार्ग दिसतात. पहिला, संच पुरविण्याचा. छत्तीसगडमध्ये २०१८ साली व राजस्थानमध्ये २०२३ साली राज्य शासनांनी स्त्रियांना स्मार्टफोन देण्याच्या योजना राबविल्या. अशा उपक्रमांनी पहिला अडथळा दूर होतो, परंतु पूरक खर्च उरतोच. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी त्यांना कामासाठी मिळालेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. संचाची अपुरी क्षमता, वारंवार होणारा बिघाड, दुरुस्तीचा भार आणि अ‍ॅपमधील इंग्रजी या त्यांच्या तक्रारी होत्या. संच देताना त्याचा आयुष्यभराचा खर्च आणि भाषा विचारात घ्यावी लागते, हा या घटनेचा बोध होय.

दुसरा मार्ग कौशल्याचा. २०१७ ते २०२४ या काळात राबविलेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात ६ कोटींहून अधिक व्यक्तींना प्रशिक्षण देण्यात आले.

तिसरा मार्ग साध्या फोनचा दरवाजा उघडा ठेवण्याचा आहे. *९९# ही सेवा इंटरनेटविना बँक व्यवहार करू देते. रिझर्व्ह बँकेने ८ मार्च २०२२ रोजी साध्या फोनधारकांसाठी 'यूपीआय १२३पे' सुरू केले आणि २०२४ मध्ये त्यातील प्रति व्यवहार मर्यादा ५,००० वरून १०,००० रुपये करण्याचा निर्णय घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केवळ संभाषण व संदेश यांसाठीचे रिचार्ज उपलब्ध करून देणे कंपन्यांना बंधनकारक केले. त्यामुळे डेटा न वापरणाऱ्याला त्याचे पैसे भरण्याची सक्ती उरत नाही.

हे तिन्ही मार्ग परस्परपूरक आहेत. वरील उदाहरणातील महिन्याला एकच खेप वाचणारे कुटुंब साध्या फोनवर राहिले, तर तो त्याचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो आणि त्या निर्णयापायी त्याचे निवृत्तिवेतन किंवा लस अडता कामा नये. दोन खेपा वाचणाऱ्या कुटुंबाला आपल्या भाषेतील, टिकाऊ आणि सुरक्षित संच परवडणाऱ्या खर्चात मिळाला पाहिजे. साधनाची निवड नागरिकाच्या हाती राहणे आणि कोणत्याही साधनातून सेवा त्याच्यापर्यंत पोहोचणे, यावरच डिजिटल विकासाची सर्वसमावेशकता अवलंबून आहे.