मुक्त सॉफ्टवेअरचे स्वस्त लॅपटॉप : धंदा परवडेल काय ?

मुलांचें शिक्षण, सात-बारा पाहणें व घरचा जमाखर्च यांसाठीं संगणकाची गरज आतां खेडोपाडीं भासूं लागली आहे. केवळ मुक्त सॉफ्टवेअर घातलेले स्वस्त लॅपटॉप विकण्याचा धंदा बीड जिल्ह्यांत एखाद्या तरुणानें किंवा सोसायटीनें काढल्यास तो चालेल काय, याचा विचार येथें करावयाचा आहे.

मुक्त म्हणजे काय ? — मुक्त म्हणजे फुकट नव्हे. जें सॉफ्टवेअर चालविण्याची, उघडून अभ्यासण्याची, दुसऱ्यास देण्याची व सुधारून वांटण्याची मोकळीक असते, तें मुक्त. घरचें बी राखतां येतें व शेजाऱ्यास देतां येतें. संकरित बी दरसाल दुकानांतून आणावें लागतें. तसाच हा भेद होय. रिचर्ड स्टॉलमन यांनीं सन १९८३ मध्यें ग्नू हा उपक्रम जाहीर केला व सन १९९१ मध्यें लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिनक्सचा गाभा लिहिला. या जोडीवर आजच्या बहुतेक मुक्त प्रणाली उभ्या आहेत.

मागील अनुभव. — रायगड जिल्ह्यांतील खैराट येथील लहानशा शाळेंत सन २००७ मध्यें ‘दर मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा प्रयोग झाला. यंत्र शंभर डॉलरांस देण्याचा हेतु होता. प्रत्यक्षांत त्या वर्षीं किंमत १८८ डॉलरांच्या आसपास गेली. यंत्रांत लिनक्स होतें, तरी वायफायच्या भागांतील सॉफ्टवेअर बंदिस्तच राहिलें. यावरून दोन गोष्टी दिसतात. नवें यंत्र फार मोठ्या मागणीवांचून स्वस्त होत नाहीं. आणि चिपा दुसऱ्याच्या असेपर्यंत पूर्ण मुक्तता दुर्घट आहे.

जुन्या यंत्राचा मार्ग. — फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननें डिसेंबर २०१३ मध्यें प्रथमच ज्या लॅपटॉपास मान्यता दिली, तो दुरुस्त केलेला जुना थिंकपॅड एक्स-६० होता. त्याचें आरंभींचें सॉफ्टवेअर व वायफाय कार्ड बदललें होतें. पुढील काळच्या इंटेल यंत्रांत एक बंदिस्त भाग कायमचा बसविलेला असतो; म्हणून शंभर टक्के मुक्त यंत्रें थोडीं व जुनींच मिळतात. मात्र प्रणाली व नित्याचीं साधनें मुक्त असलेलें यंत्र सहज सिद्ध होतें. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. त्यामुळें बाद ठरणारीं पुष्कळ धडधाकट यंत्रें लिनक्सवर अनेक वर्षें काम देतील.

हिशेब. — समजा, जुनें यंत्र ९,००० रुपयांस मिळालें, नवी साठवण व बॅटरी यांस ४,०००, मजुरी १,५००, हमीची तरतूद व दुकानखर्च २,०००, एकूण १६,५०० रुपये. विक्री १८,००० रुपयांस केल्यास नफा १,५०० रुपये. वीस यंत्रांस भांडवल ३,३०,००० लागेल व नफा ३०,००० होईल. परंतु दोनच यंत्रें पडून राहिलीं, तर विक्री ३,२४,००० होऊन ६,००० रुपये अडकतील. हे आंकडे केवळ मांडणीसाठीं आहेत. ज्यानें त्यानें आपल्या बाजारचे भाव घालून पाहावे.

काय करावें ? — (१) आधीं मागणी नोंदवून, इसार घेऊन मगच माल आणावा. आपल्याकडे हातांत पैसा कापूस-सोयाबीन विकल्यावर येतो. तोच विक्रीचा हंगाम. (२) वीज जाण्याचा त्रास असल्यामुळें बॅटरी कसून तपासावी. (३) ‘पूर्ण मुक्त’ व ‘बहुतांशीं मुक्त’ हा भेद गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावा. (४) कांहीं हिशेबी पॅकेजें व छपाईयंत्रें लिनक्सवर चालत नाहींत, आणि ई-पीक पाहणीसारखें काम मोबाइलवरच होतें, हें विक्रीपूर्वीं सांगावें. (५) मराठी टंकलेखन व जमाखर्चाचा तक्ता प्रत्यक्ष शिकवावा.

तात्पर्य, नवें यंत्र घडवून विकणें हें जिल्ह्याच्या आवांक्याबाहेरचें आहे. जुनें यंत्र सुधारून विकणें परवडेल, पण तें बेताबेतानें. सॉफ्टवेअर सर्वांस मोकळें असल्यानें त्यावर नफा नाहीं. नफा आहे तो दुरुस्तींत, शिकवणींत व विश्वासांत. ज्याच्या गांवीं दुरुस्ती करणारा जाणता माणूस आहे, त्यानेंच या धंद्यांत पैसा घालावा.